सिकलसेल आणि हाडं: दिसत नाही म्हणजे नाही का?

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं नाव आणि माझं नाव शेजारी शेजारी वाचून काहींना वाटलं असेल, की छापताना काहीतरी गफलत झाली. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं खरं, पण ते तत्त्वज्ञानाचं. मी गोळ्या लिहून देत नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यातलं औषधोपचाराचं तुम्ही आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, हे आधी सांगते.

मग तत्त्वज्ञानाच्या माणसानं हाडांवर का बोलावं? कारण या आजारात एक जुना प्रश्न अगदी रोखठोक होऊन समोर येतो. दुसऱ्याचं दुखणं मला कसं कळतं? वर्गात हा प्रश्न आपण चहाबरोबर चघळतो आणि तास संपला की विसरतो. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र त्याच्या उत्तराची किंमत मोजावी लागते. उत्तर चुकलं तर विशी-पंचविशीतल्या मुलाचा खुबा जातो. त्यामुळे आधी हाडाचं शास्त्र समजून घेऊ, मग या प्रश्नाकडे येऊ.

विळा कुठे असतो?

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल, मऊ, मधे किंचित दबलेल्या असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं आणि ते प्राणवायू वाहून नेतं. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात लांबट, वाकड्या पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका कुठे आहे ते शोधलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. एवढाच फरक.

एका अक्षरानं शब्दाचा अर्थ बदलावा तसं हे आहे. प्राणवायू सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांड्यांसारखं होतं, पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात, मागून येणाऱ्यांनाही अडवतात. आणि त्या लवकर मोडतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच संपते. अडकणं आणि लवकर मोडणं, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. हाडांचं पुढचं सगळं दुखणं या दोहोंतून निघतं.

भारतात या आजाराची नोंद प्रथम १९५२ मध्ये झाली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. आज आपल्याला माहीत आहे, की विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, आणि तिकडे नंदुरबार, धुळे या भागांत तो मोठ्या प्रमाणात आहे. शेजारी छत्तीसगड, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशातही आहे. आदिवासींत आहे, दलितांत आहे, इतर मागासवर्गीयांतही आहे. 'हा अमक्या जातीचा आजार' असं बोललं जातं, ते थांबवायला हवं. हे जनुक ज्या भागांत टिकलं तिथं हिवताप फार होता. एकच दोषी जनुक असलेल्या माणसाला गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळतं, म्हणून ते पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलं. जातीला त्यात काही करायचं नाही. आजार त्या हवामानाचा वारसा आहे.

आपल्याकडे लोक 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' म्हणतात. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच जनुक आलं तर एएस, म्हणजे वाहक. दोघांकडून आलं तर एसएस, म्हणजे रुग्ण. मी आज हाडांबद्दल जे सांगते आहे ते मुख्यतः एसएस रुग्णांबद्दल. वाहकाचं आयुष्य सर्वसाधारणपणे इतरांसारखंच असतं. पाठ दुखली की 'माझा पॅटर्न निघालाय' म्हणून त्यानं घाबरून जाऊ नये.

हाड म्हणजे दगड नव्हे

हाड म्हटलं की आपल्याला सांगाडा आठवतो. कोरडं, पांढरं, निर्जीव. जिवंत माणसाचं हाड तसं नसतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात, जुनं काढून नवं बांधण्याचं काम तिथं आयुष्यभर चालू असतं. आणि आत असते मज्जा. तांबड्या पेशी तयार होतात त्या या मज्जेत.

आता विचार करा. पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांत मोडत असतील तर कारखान्याला किती पटीनं काम करावं लागेल? मज्जा वाढते, पसरते, हाडाच्या आतली जागा व्यापते. बाहेरची भिंत त्यामुळे पातळ होते. घराच्या आत सामान वाढवत नेलं आणि भिंती आतून खरवडत गेलो, तर घर मोठं दिसेल, पण भिंत टिकायची नाही. सिकलसेलच्या काही मुलांचं कपाळ पुढे आलेलं दिसतं, वरचा जबडा पुढे येतो, ते या मज्जेच्या पसाऱ्यामुळे. पाठीच्या मणक्यांच्या मधल्या भागाला रक्त कमी पडतं, तो दबतो आणि मणका वरून-खालून खोलगट होतो. एक्स-रेत तो माशाच्या मणक्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट अडकण्याची. मज्जेत रक्त संथ वाहतं, प्राणवायू आधीच कमी असतो. विळा होण्यासाठी इतकी सोयीची जागा शरीरात दुसरी क्वचितच असेल. म्हणून सिकलसेलचा ठणका, ज्याला दवाखान्यात क्रायसिस म्हणतात, तो बहुतेक वेळा हाडांत उठतो. रुग्ण सांगतो, 'हाडात कोणी खिळा ठोकतंय.' हे वर्णन अतिशयोक्तीचं नाही. रक्त न मिळाल्यानं मज्जेचा एक तुकडा तिथं मरत असतो.

वयाबरोबर जागा बदलते

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते विळा होऊ देत नाही. सहा महिन्यांच्या आसपास ते कमी होतं आणि आजार डोकं वर काढतो. कुठे? तर हातापायांच्या बोटांत. कारण त्या वयात तांबडी मज्जा हातापायांच्या छोट्या हाडांतही असते. बाळाच्या हाताची किंवा पावलाची पाठ सुजते, बोटं फुगतात, बाळ हात लावू देत नाही, रडत राहतं. घरात वाटतं काही चावलं, कुठे मुरगळलं. आजी तेल लावते. सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या बाळाचे दोन्ही हात किंवा दोन्ही पाय असे सुजले तर सिकलसेलची तपासणी करायलाच हवी. पुष्कळ मुलांत हीच आजाराची पहिली हाक असते.

मूल पाच-सहा वर्षांचं झालं की बोटांतली तांबडी मज्जा ओसरते आणि ही सूज सहसा थांबते. घरच्यांना वाटतं, गेलं दुखणं. दुखण्यानं फक्त घर बदललेलं असतं. ते आता लांब हाडांत, पाठीत, बरगड्यांत जातं. आणि किशोरवयापासून पुढे ते खुब्यात जाऊन बसतं.

मधे आणखी एक धोका आहे, हाडात जंतू शिरण्याचा. या आजारात प्लीहा, म्हणजे पानथरी, बालपणीच निकामी होत जाते आणि जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. आतड्याच्या आवरणालाही रक्त कमी पडतं, तिथून जंतू रक्तात उतरतात आणि हाडाच्या मेलेल्या तुकड्यात ठाण मांडतात. टायफॉईड ज्या कुळातला, त्या साल्मोनेला कुळाचे जंतू सिकलसेलच्या हाडांत विशेष सापडतात. म्हणून या मुलांसाठी पाण्याची स्वच्छता हा हाडांचासुद्धा प्रश्न आहे. साधा क्रायसिस जंतुसंसर्गापेक्षा कितीतरी अधिक वेळा होतो, पण दोन्हींत ताप आणि सूज असू शकते. ताप उतरत नाही, दुखणं एकाच जागी धरून आहे, सूज वाढते आहे, मूल मलूल पडलं आहे, असं असेल तर घरी थांबू नये. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं, जमल्यास त्या जागेचं कल्चर घेता आलं तर निदान पक्कं होतं.

खुबा

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येते.

मांडीच्या हाडाचं डोकं चेंडूसारखं गोल असतं आणि ते कंबरेच्या वाटीत बसतं. या चेंडूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि बारीक. आपल्या शेतकऱ्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर खुब्याचं डोकं म्हणजे कालव्याच्या टेलचं शेत. वर कुठेही पाणी अडलं की आधी वाळतं ते हेच. सिकलच्या पेशींनी तो झरा अडला की डोक्याचा एक भाग मरतो. वैद्यकात याला ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, दवाखान्यात नुसतं 'एव्हीएन'. दंडाच्या हाडाच्या डोक्यातही हे होतं, पण खुब्यावर शरीराचं ओझं असतं म्हणून तिथं नुकसान जास्त. मेलेला भाग दुरुस्त होण्याच्या प्रयत्नात कमजोर होतो, एक दिवस दबतो, चेंडू चपटा होतो. मग वाटीत चेंडू फिरत नाही.

१९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २,५९० रुग्ण पाहिले होते. सुमारे दहातल्या एकाच्या खुब्यात हा दोष सापडला. त्यात एक विचार करायला लावणारी गोष्ट होती. ज्यांचं रक्त तुलनेनं दाट होतं, आणि ज्यांना जोडीला अल्फा थॅलेसेमियाचा अंश होता, त्यांच्यात हा धोका अधिक दिसला. म्हणजे ज्यांचं हिमोग्लोबिन 'बरं' दिसतं, ज्यांना रक्त चढवावं लागत नाही, त्यांचाही खुबा सुरक्षित नसतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त टिकून राहतं आणि म्हणून 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य' असं म्हटलं जातं. हाडांच्या बाबतीत या वाक्यावर विसंबून राहू नये.

याची सुरुवात कशी ओळखायची? दुखणं बहुधा जांघेत असतं, कधी कुल्ल्यात. कधी ते गुडघ्यात जाणवतं आणि सगळे गुडघाच तपासत बसतात. मांडी घालून बसताना त्रास होतो. शौचाला उकिडवं बसवत नाही. पाय आतल्या बाजूला वळवला की कळ येते. चालताना किंचित लंगडणं दिसतं. जेवायच्या पंगतीत जो मुलगा काल मांडी घालून बसत होता, तो आज पाय लांब करून बसतो, हे आईच्या लक्षात डॉक्टरांच्या आधी येऊ शकतं.

मेलेलं हाड एक्स-रेत कसं दिसतं?

असा मुलगा दवाखान्यात जातो. एक्स-रे काढतात. एक्स-रे चांगला येतो. डॉक्टर म्हणतात, हाडाला काही झालेलं नाही. घरी परतल्यावर मोठे म्हणतात, 'पाहा, मशीनमध्येही काही नाही. कामाच्या वेळी बरोबर दुखतं तुझं.' रोवणीच्या हंगामात तो पुन्हा दिवसभर थंड पाण्यात, चिखलात वाकून उभा राहतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जातो, पाणी कमी पितो. थंडी, पाण्याची कमतरता, अति श्रम. विळा व्हायला जे जे लागतं ते सगळं. सहा-आठ महिन्यांनी दुसरा एक्स-रे निघतो आणि त्यात चेंडू दबलेला दिसतो.

पहिला एक्स-रे खोटा होता का? नाही. तो जे दाखवू शकतो तेच त्यानं दाखवलं. एक्स-रेत दिसतो तो हाडातला खनिजाचा भाग, चुना. हाडातल्या पेशी मेल्या तरी चुना जागच्या जागी असतो. त्यामुळे ताजं मेलेलं हाड एक्स-रेत जिवंत हाडासारखंच दिसतं. बदल दिसू लागतो तो आजूबाजूचं जिवंत हाड डागडुजीला लागल्यावर, किंवा मेलेला भाग दबल्यावर. दबताना कधी कधी कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी रेघ दिसते. पण ती दिसली म्हणजे पुष्कळ उशीर झालेला असतो. एमआरआय मात्र मज्जेतला बदल लवकर दाखवतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा खुबा काही आठवडे दुखतो आहे आणि एक्स-रे चांगला आहे, अशा वेळी पुढचा प्रश्न 'एमआरआय करायचा का?' हा असायला हवा. 'मग तुला काही झालेलं नाही' हे त्याचं उत्तर नव्हे.

आता इथं मला माझ्या विषयाकडे यायची परवानगी द्या. आपल्या मीमांसकांनी अनुपलब्धी नावाचं एक प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळतं? दिसत नाही म्हणून. पण त्यांनी लगेच एक अट घातली. न दिसणं हे पुरावा कधी होतं? वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. भरदिवसा मोकळ्या अंगणात घडा दिसला नाही, तर तो नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला ते योग्य अनुपलब्धी म्हणतात. सुरुवातीच्या एव्हीएनसाठी एक्स-रे ही अंधारी खोली आहे. तिथं घडा दिसला नाही म्हणून घडा नाही म्हणणं, हे वैद्यकाच्या आधी तर्कशास्त्रातच चुकतं.

रडत नाही म्हणजे दुखत नाही?

दुसरी चूक अनुमानाची. धूर दिसला की आग आहे असं आपण म्हणतो, कारण आगीविना धूर नसतो. पण 'हा रडत नाही, म्हणजे याला दुखत नाही' यात ती खात्री कुठे आहे? ज्याला लहानपणापासून दुखतंय तो दर वेळी रडत बसत नाही. तो मोबाईल बघत पडतो, बोलतो, कधी हसतोसुद्धा. लक्ष दुसरीकडे वळवणं हा त्यानं स्वतः शोधलेला उपाय असतो. आणि आपण नेमका तोच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे जो हेतू साध्याला सोडूनही राहतो. त्यावर निष्कर्ष उभा करता येत नाही.

मग उरतं काय? शब्द. रुग्णाचं सांगणं. न्यायदर्शनात सुख-दुःख हे ज्याचं त्याला मनानं प्रत्यक्ष होतं. दुसऱ्याला ते प्रत्यक्ष होत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग जाणण्याच्या साधनांची चर्चा आहे, तिथं एक साधं उदाहरण येतं. रुग्णाच्या तोंडाची चव कशी आहे, हे वैद्यानं रुग्णाला विचारूनच जाणावं. वैद्य कितीही थोर असला तरी त्या जिभेवर तो नसतो. दुखण्याचंही तसंच आहे.

पण विश्वास कुणाच्या शब्दावर ठेवायचा? आप्ताच्या. आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारे वात्स्यायन सांगतात, ज्याला त्या गोष्टीचं साक्षात ज्ञान आहे आणि जसं आहे तसं सांगायची ज्याची इच्छा आहे तो. आणि पुढे ते म्हणतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धानोरा किंवा धडगाव तालुक्यातली, माडिया, गोंडी किंवा पावरी बोलणारी पंधरा वर्षांची मुलगी तिच्या खुब्याच्या बाबतीत आप्त आहे. तिचं मराठी तुटकं असेल, तिला दुखण्याला दहापैकी किती गुण द्यायचे हे कळत नसेल, पण त्या दुखण्याचं साक्षात ज्ञान त्या खोलीत फक्त तिला आहे.

कुणी म्हणेल, लोक खोटंही बोलतात. बोलतात. शब्द प्रमाण मानणं म्हणजे तपासणी सोडून देणं नव्हे. उलट, शब्दावर विश्वास ठेवला तरच पुढची तपासणी होते. अविश्वास ठेवला की तपासणी तिथंच थांबते. विश्वास चुकीचा ठरला तर एक एमआरआय वाया गेला. अविश्वास चुकीचा ठरला तर सांधा गेला. दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत.

मग करायचं काय?

लवकर कळलं तर काय होतं? हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लवकर कळलं म्हणजे खुबा हमखास वाचतो असं नाही. पण ओझं कमी करता येतं, काठी किंवा कुबडी घेता येते, कामाचा प्रकार बदलता येतो, व्यायामानं सांध्याभोवतीचे स्नायू बळकट ठेवता येतात. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रियाही आहे. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात, नुसती फिजिओथेरपी घेतलेल्यांचे आणि शस्त्रक्रियेसह फिजिओथेरपी घेतलेल्यांचे परिणाम जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे फिजिओथेरपीला 'नुसता व्यायाम' म्हणून हसू नये. सांधा पूर्ण गेला तर कृत्रिम खुबा बसवतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या शस्त्रक्रियेला अधिक तयारी लागते. आधी रक्त, पुरेसं पाणी, प्राणवायू, अंग गरम ठेवणं. त्यामुळे हा आजार हाताळण्याचा अनुभव असलेल्या ठिकाणीच ती करावी.

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या-कॅप्सूल गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतात आणि क्रायसिस कमी करतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहान बाळांवरच्या एका अभ्यासात बोटांची सूजही त्यांनी कमी झाली. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासत, नियमानं घ्यायच्या असतात. दुखलं की घेतली, थांबलं की सोडली, असं हे औषध नाही. आणि ती घेत असलो तरी खुब्याकडे लक्ष ठेवायचंच.

पाणी भरपूर पिणं, थंडीपासून जपणं, दुखऱ्या भागाला बर्फ न लावता ऊब देणं, या साध्या गोष्टी आहेत. सिकलसेलच्या रुग्णांत ड जीवनसत्त्वाची कमतरता खूप आढळते, ते तपासून घ्यावं आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. नाचणी, तीळ, दूध, दही, हिरव्या पालेभाज्या ताटात असाव्यात. फोलिक ॲसिड लागतं, कारण मज्जेचा कारखाना जोरात चालू असतो. लोहाच्या गोळ्या मात्र, शरीरात लोह खरंच कमी आहे हे तपासल्याशिवाय, घेऊ नयेत.

आणि एक इशारा. सांधे दुखतात म्हणून पुड्या देणारे, 'वाताचं' इंजेक्शन देणारे ठिकठिकाणी भेटतात. त्या पुड्यांत स्टेरॉईड असू शकतं. आराम पटकन वाटतो. पण दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉईड स्वतःच खुब्याचं डोकं मारू शकतं, आणि सिकलसेलमध्ये ते बंद केल्यावर ठणका उसळू शकतो. गरम सळईचे डाग देणं तर थांबायलाच हवं. सिकलसेलच्या शरीरात जखम आणि जंतू दोन्ही महाग पडतात.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी एसएस आहे. तिला खेळू द्यावं का?

उत्तर: खेळू द्या. हाडाला बळ चालण्या-खेळण्यानं येतं, अंथरुणावर नाही. दम लागेपर्यंत नको, उन्हात तहानलेलं नको, थंड पाण्यात फार वेळ नको. पाण्याची बाटली सोबत हवी आणि 'मला थांबायचंय' म्हटलं की थांबू देणारे शिक्षक हवेत. शाळेला एक चिठ्ठी लिहून द्या. खुबा दुखत असेल तर मात्र उड्या मारण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: चालता येत नाही, पण वरून धडधाकट दिसतो म्हणून कुठे सवलत मिळत नाही.

उत्तर: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत सिकलसेल आजार स्पष्टपणे लिहिलेला आहे. बऱ्याच लाभांसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. खुब्याचे सगळे रिपोर्ट, दाखल झाल्याची कागदं जपून ठेवा. कायद्यानं जे न दिसणारं दिव्यांगत्व मान्य केलंय ते खिडकीपलीकडच्या माणसाला मान्य व्हायला कागद लागतात, हे दुर्दैव आहे, पण खरं आहे.

प्रश्न: लग्नाआधी पत्रिका बघावी की रक्त?

उत्तर: (हशा) रक्त. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट आहे. तुमच्या गावातल्या आशाताईंना विचारा, तपासणी कुठे होते ते त्या सांगतील. पण तपासणीचं कार्ड हे मुलगी नाकारायचं हत्यार होऊ नये. वाहक असणं हा आजार नाही आणि दोषही नाही. ते माहीत असणं हे नवरा-बायको दोघांच्या शहाणपणाचं आहे.

प्रश्न: डॉक्टर ऐकत नाहीत, तर रुग्णानं काय करायचं?

उत्तर: दुखणं नेमकं सांगायचं. 'खूप दुखतं' यापेक्षा 'तीन आठवड्यांपासून उजव्या जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, रात्री जाग येते' हे जास्त ऐकलं जातं. एका वहीत तारखा लिहा, मागचे एक्स-रे सोबत न्या, आणि आजार एसएस आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. सरळ विचारा, 'हे खुब्याचं एव्हीएन असू शकेल का?' आणि जे डॉक्टर, सिस्टर, शिक्षक हे व्याख्यान ऐकत आहेत त्यांना माझी विनंती आहे. सिकलसेलचा रुग्ण कशाहीसाठी आला तरी त्याला एकदा विचारा, 'मांडी घालून बसता येतं का?' आणि पाय हळूच आत-बाहेर फिरवून बघा. याला मशीन लागत नाही, मिनिटही लागत नाही.